व्हल्वाचा कॅन्सर: बायका मला बाजूला घेऊन विचारतात ते प्रश्न

मी चोपडा तालुक्यातली. अंगणवाडीत २६ वर्षं नोकरी केली, आता घरीच असते. २०१८ ला माझं व्हल्वाच्या, म्हणजे लघवीच्या जागेभोवतीच्या बाहेरच्या कातडीच्या, कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून लग्नात, बाजारात, बचत गटाच्या मिटिंगला कोणी ना कोणी हात धरून मला भिंतीकडे नेतं आणि हळूच काहीतरी विचारतं. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाचे लिहून काढले, भाचीने टाईप करून दिले. मी डॉक्टर नाही हां. जे भोगलं आणि जे डॉक्टरांना विचारून विचारून समजलं तेवढंच लिहिलंय, तुमचं औषधपाणी तुमच्या डॉक्टरनेच ठरवायचं.

"माय वं, त्या जागाले बी कॅन्सर व्हस का?"

व्हस. कातडी आहे तिथे कातडीचा कॅन्सर होऊ शकतो, मग ती जागा कशी सुटेल. या कॅन्सरपैकी दहातले नऊ तर कातडीच्या पेशींचेच असतात, ज्याला रिपोर्टमध्ये स्क्वॅमस सेल कार्सिनोमा लिहितात. बाकी थोडे मेलानोमा म्हणजे काळ्या डागाचे आणि काही तिथल्या ग्रंथींचे वगैरे.

नेमकी कोणती जागा म्हणायची ही?

बाहेरची. बसून आरशात बघितलं तर जे जे दिसतं ते सगळं, म्हणजे बाहेरचे जाड ओठ, आतले पातळ ओठ, वरचा दाणा, लघवीचं तोंड, योनीचं तोंड आणि खाली शौचाच्या जागेपर्यंतची कातडी. ह्या सगळ्याला मिळून व्हल्वा म्हणतात. गर्भाची पिशवी वेगळी, पिशवीचं तोंड वेगळं, योनी म्हणजे आतला मार्ग तो पण वेगळा. पुस्तकी मराठीत याला भग, भगोष्ठ असे शब्द आहेत पण ते चारचौघांत काढले तर लोकांना शिवीच ऐकू येते, म्हणून आपण आपलं "खाली" म्हणतो. आता "खाली त्रास आहे" म्हटल्यावर समोरच्याने काय समजायचं? लघवीची जळजळ समजायची, पांढरं जाणं समजायचं, का मूळव्याध? मी तीन वर्षं "खाली खाज येते" एवढंच म्हणत राहिले आणि तीन वर्षं वेगवेगळ्या गोष्टीचं औषध खात राहिले. व्हल्वा शब्द जिभेवर येत नसेल तर "लघवीच्या जागेच्या बाजूला, बाहेरून, कातडीवर" असं सांगा, तेवढ्याने पण काम होतं.

मग आम्ही कधी ऐकलं कसं नाही याच्याबद्दल?

एक तर हा खरंच कमी होतो. २०२० साली सगळ्या जगात मिळून साधारण ४५ हजार बायकांना हा झाला, त्याच वर्षी स्तनाचा कॅन्सर २२ लाखांच्या वर होता, म्हणजे फरक बघा. आणि दुसरं, ज्यांना झाला त्या बोलत नाहीत. आमच्याच नात्यातली एक म्हातारी "कमरेच्या कॅन्सरने" गेली असं मी लहानपणापासून ऐकत आले, माझं झाल्यावर आईने सांगितलं की कमर बिमर काही नव्हतं.

मला पण खाज येते, मला कॅन्सर असेल का?

बहुतेक नसेल. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि विचारणारीचा चेहरा पांढरा झालेला असतो म्हणून पहिले हे सांगते. खाजेची कारणं खूप आहेत. बुरशी असते, शुगर वाढलेली असते, पाळी गेल्यावर तिथली कातडी कोरडी पडते, साबण आणि डेटॉलने चुरचुरते, पॅडची ॲलर्जी असते, मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या वर पारा जातो तेव्हा घामाने जांघा सोलवटतात आणि कापूस वेचायला दिवसभर वाकून उभं राहिलं की काय होतं ते वेचणारीलाच माहिती. हे सगळं औषधाने जातं.

लक्ष कधी द्यायचं, तर नीट औषध करून पण दोन-तीन आठवड्यात खाज गेली नाही, किंवा गेली आणि त्याच जागी परत परत आली तेव्हा. आणि खाजेसोबत कातडी बदललेली असेल तेव्हा तर लगेच.

कातडी बदलली म्हणजे काय बघायचं?

पांढरा चट्टा, लाल चट्टा किंवा काळपट डाग जो आधी नव्हता. चामखिळीसारखं किंवा फुलकोबीसारखं खडबडीत काही उगवलं. कातडी एका जागी जाड आणि टणक झाली. फोड किंवा जखम जी भरत नाही. पाळी नसताना रक्ताचे डाग, आणि पाळी जाऊन वर्षं झाली असतील तर एक थेंब पण नको. लघवी करताना त्या जखमेवर लागून आग होणं. बसल्यावर दुखणं. आणि जांघेत गाठ, ही सगळ्यात फसवी, कारण आपल्याकडे पायाला काटा लागला तरी जांघेत अवधाण येतं आणि आपण म्हणतो जाईल. पायाला काही लागलेलं नाही, ताप नाही, तरी गाठ आहे आणि टणक आहे, तर दाखवायची.

सगळं एकदम होत नाही. मला रक्त कधी गेलंच नाही.

आरशात कसं बघायचं? लाज वाटते.

वाटू दे, मोरीत कडी लावून कोण बघतंय. अंघोळीच्या आधी एक हातातला आरसा घ्यायचा, पाटावर किंवा खाली बसायचं, मोबाईलची टॉर्च लावायची आणि वरून खालपर्यंत, दोन्ही बाजू बघायच्या, मग बोटाने चाचपायचं की कुठे टणक लागतंय का. महिन्यातून एकदा, दोन मिनिटं. पहिल्यांदा सगळंच विचित्र वाटेल कारण आपलं आपल्याला माहितीच नसतं की आपलं कसं दिसतं. दोन ओठ सारखे नसतात, रंग सावळा असतो, हे सगळं नॉर्मल. दोन-तीन महिने बघितलं की मग नवीन काही आलं तर ओळखू येतं. पोट सुटलेलं असेल, गुडघे दुखत असतील आणि वाकता येत नसेल तर नर्सताईकडून बघून घ्या.

तुम्हाला कसं कळलं?

२०१५ च्या पावसाळ्यात खाज सुरू झाली. आधी घरचे उपाय, म्हणजे कडुनिंबाच्या पाण्याने धुणं, तुरटी, खोबरेल तेल. मग मेडिकलवाल्याकडून मलम. तो पोरगा माझ्या अंगणवाडीत शिकलेला, त्याला काय सांगणार, "गजकर्णाचं दे" म्हटलं, त्याने थ्री-इन-वन ट्यूब दिली ज्याच्यात स्टिरॉईड पण असतं आणि बुरशीचं पण. लावलं की चार दिवस बरं. थांबवलं की परत. अशा ट्यूबा किती झाल्या मोजल्या नाहीत पण कपाटाच्या खालच्या कप्प्यात पिशवीभर रिकाम्या निघाल्या होत्या, टाकायची पण लाज, कोणी बघेल म्हणून.

मग तालुक्याच्या एका दवाखान्यात गेले, तिथे दोन वर्षांत पाच वेळा दाखवलं. दाखवलं कसलं, सांगितलं. एकदा पण टेबलवर झोपवून बघितलं नाही. त्यांनी पण नाही म्हटलं आणि मी पण मनातून खूश की बरं झालं नाही बघितलं. गोळ्या, पावडर, शुगर चेक, परत गोळ्या. यात त्यांचा दोष आहेच, मी सोडत नाही तो, पण मी काही कमी नव्हते, एकदा तर नर्सने आत बोलावलं तर मी पाळीचं निमित्त सांगून घरी आले. पाळी जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

२०१८ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सून म्हणाली आई तुम्ही एका कुल्ल्यावर बसू राहिल्या, काय झालंय. ती जळगावची, स्पष्ट बोलणारी. दुसऱ्या दिवशी गाडीवर बसवून स्त्रीरोगवाल्या बाईंकडे नेलं. त्यांनी पडदा ओढला, लाईट घेतला, बघितलं आणि मिनिटभर काही बोलल्याच नाहीत. डाव्या बाजूला साडेचार सेंटिमीटरची जखम होती.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे आणि ते मी प्रत्येकीला सांगते, बघितल्याशिवाय दिलेलं मलम घ्यायचं नाही. डॉक्टरने नाही बघितलं तर आपण म्हणायचं, एकदा बघून घ्या ना. पुरुष डॉक्टर असेल तर सोबत नर्स किंवा घरची बाई उभी राहू द्या म्हणायचं, तो आपला हक्कच आहे.

कशामुळे होतो? काही वाईट केलं असेल म्हणून होतो का?

हा दुसरा प्रश्न खाली मान घालून विचारतात. वाईट केल्याने काही होत नाही बाई.

दोन वाटा आहेत असं मला समजावलं गेलं. एक वाट एचपीव्ही व्हायरसची, तोच जो पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला कारण असतो. तो संबंधातून लागतो पण इतका कॉमन आहे की ज्यांचे संबंध आले अशा बहुतेक बायका-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी लागून जातो आणि बहुतेकांच्या अंगातून वर्ष-दोन वर्षात आपोआप निघून पण जातो. एकच नवरा असलेल्या बाईला पण लागतो, त्याने कोणाचं चारित्र्य ठरत नाही. ज्यांच्या अंगात तो ठाण मांडून बसतो त्यांच्यात काही वर्षांनी पेशी बिघडतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्या, एचआयव्ही असलेल्या किंवा किडनी बदलल्यावर इम्युनिटी कमी करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या बायकांना धोका जास्त.

दुसरी वाट म्हाताऱ्या बायकांची आणि तीच माझी. लायकेन स्क्लेरोसस नावाचा कातडीचा आजार असतो. कातडी पांढरी पडते, कागदासारखी पातळ आणि सुरकुतलेली होते, रात्री जीव जाईल अशी खाज येते, आतले ओठ हळूहळू चिकटून जातात, तोंड लहान होत जातं. त्याचा व्हायरसशी काही संबंध नाही आणि तो लागट पण नाही. हा असणाऱ्या शंभर जणींत तीन ते पाच जणींना पुढे कॅन्सर होऊ शकतो, बाकीच्यांना होत नाही. त्यावर स्ट्राँग स्टिरॉईड मलम असतं, क्लोबेटासोल म्हणतात, ते किती लावायचं, किती दिवस, मग आठवड्यातून किती वेळा हे डॉक्टर ठरवून देतात आणि ते नियमाने लावलं की आजार काबूत राहतो. तुम्ही म्हणाल स्टिरॉईड तर तुम्ही पण लावत होत्या ना. लावत होते, पण चार दिवस लावायचं, महिनाभर सोडायचं आणि त्याच्याखाली काय वाढतंय ते कोणी बघायचं नाही, याला ट्रीटमेंट नाही म्हणत.

एकमेकीला लागतो का? तिचे कपडे, तिचा संडास?

नाही. माझा टॉवेल वेगळा ठेवणाऱ्या पण होत्या घरात, आता विसरल्या असतील.

माझी पिशवी काढलेली आहे, मला तर नाही ना होणार?

होऊ शकतो. पिशवी आत, ही जागा बाहेर. आणि पॅप टेस्ट नॉर्मल आली म्हणजे इथलं पण नॉर्मल असं पण नाही, पॅप पिशवीच्या तोंडाची असते. सरकारी दवाखान्यात ३० वर्षांवरच्यांची तोंडाची, स्तनाची आणि पिशवीच्या तोंडाची तपासणी होते त्यात व्हल्वाची अशी वेगळी टेस्ट नाही, कुठल्याच देशात नाही. पण टेबलवर झोपलेलीच आहात तर "ताई बाहेरून पण बघून घ्या" म्हणायला काय जातं.

तुकडा काढला की कॅन्सर पसरतो म्हणतात?

नाही पसरत. "चाकू लागला की भडकतो" हे मला किमान दहा जणांनी ऐकवलं. तुकडा काढल्याशिवाय ते लायकेन आहे, टीबी आहे, नुसती चामखीळ आहे का कॅन्सर हे नुसत्या डोळ्याने पक्कं सांगता येत नाही. तिथे सुई देऊन बधिर करतात, ती सुई दुखते, खोटं बोलणार नाही, पण मग तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढताना काही कळत नाही. दोन दिवस चुरचुर. रिपोर्टला आठ-दहा दिवस. ते आठ-दहा दिवस मात्र लई वाईट.

सगळंच कापून टाकतात का?

जुन्या काळी जवळजवळ सगळंच जायचं. दोन्ही जांघा आणि मधला भाग एकाच मोठ्या फुलपाखरासारख्या चिऱ्याने काढायचे आणि जखमा महिनोन्‌महिने भरायच्या नाहीत. १९८० नंतर हळूहळू तीन वेगळे चिरे द्यायला लागले आणि आता तर जितकं लागेल तितकंच, गाठ आणि तिच्या भोवती साधारण एक सेंटिमीटर चांगली कातडी. लवकर सापडला, म्हणजे २ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि खोली एक मिलिमीटरच्या आत, तर जांघेला हात पण लावत नाहीत, नुसता तो भाग काढला की झालं.

त्यापेक्षा खोल गेला असेल तर जांघेतल्या गाठी तपासाव्या लागतात कारण तो पहिले तिकडे जातो. गाठ ४ सेंटिमीटरच्या आत, एकाच जागी आणि जांघेत काही लागत नसेल तर सेंटिनल नोड नावाची पद्धत आहे, कॅन्सरजवळ रंग आणि किरणवालं औषध टोचतात, ते ज्या गाठीत पहिले जाईल तेवढीच काढून बघतात. एका मैत्रिणीचं तसं झालं, दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी झाली म्हणून तिने वॉर्ड डोक्यावर घेतला होता, तो रंगच असतो, जातो.

माझी साडेचारची. त्यामुळे दोन्ही जांघांतल्या गाठी काढल्या, डावीकडच्या एकीत कॅन्सर निघाला, म्हणजे स्टेज ३. मग लाईट, म्हणजे रेडिएशन, आठवड्यातून पाच दिवस असे साडेपाच आठवडे आणि सोबत आठवड्याला एक केमोची सलाईन. २०१६ ला दाखवलं असतं तर यातलं बरंचसं टळलं असतं असं डॉक्टर स्वतःहून म्हणाले नाहीत, मी विचारलं तेव्हा म्हणाले.

वाचतात का बायका यातून?

वाचतात. अमेरिकेतले आकडे असे आहेत की कॅन्सर तिथल्या तिथे असताना सापडला तर शंभरातल्या ८५ च्या आसपास बायका पाच वर्षांनी जिवंत असतात, जांघेत गेला असेल तर जवळपास निम्म्या. मी त्या निम्म्यातली आणि यंदा आखाजीला झोक्यावर पण बसले.

कुठे जायचं? खर्च किती?

पहिले जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे बघून तुकडा काढून घेता येतो. ऑपरेशनला मात्र कॅन्सरचा सर्जन, त्यातही बायकांच्या कॅन्सरचा, असलेला बरा, कारण हा आजार कमी दिसतो आणि ज्याने बरेच केलेत त्याचा हात वेगळा असतो. बरेच जण परळच्या टाटाला जातात, ते हॉस्पिटल १९४१ पासून आहे. जळगावहून रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटर आहे, रात्री बसलं की सकाळी दादर. तिथे राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, पेशंट आणि सोबतच्यांना कमी पैशात सोय होते, फक्त नंबर लागावा लागतो.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजना. ही २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं धुळे होतं. आता एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात जायचं, तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं, त्याला भेटायचं. पैसे भरायच्या आधी भेटायचं, नंतर परत मिळवायला चपला झिजतात. फोन १५५३८८, फुकट लागतो. दोन कार्डांवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर ते आजच दुरुस्त करा, आमचे सहा दिवस त्याच्यात गेले.

रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला ट्रीटमेंटला जाता-येता स्लीपर आणि थर्ड एसी पूर्ण माफ आहे, सोबतच्याला ७५ टक्के सूट. त्याचा फॉर्म हॉस्पिटलमधून सही-शिक्का करून घ्यावा लागतो. हे मला तिसऱ्या फेरीला कळलं. एसटीत २०२३ पासून बायांना तसंही हाफ तिकीट आहे.

ऑपरेशन झाल्यावर घरी काय काय त्रास होतो?

पहिले काही दिवस लघवीची नळी, जांघेत पाणी काढायच्या नळ्या. टाके उसवणं यात खूप कॉमन आहे, घाबरू नका आणि "पापाची जागा म्हणून भरत नाही" असं म्हणणाऱ्यांना घरात घेऊ नका. ती जागा ओली असते, चालताना घासते, म्हणून वेळ लागतो. ताप आला, वास आला, पू आला तर मात्र त्याच दिवशी फोन करायचा.

मी घंगाळात कोमट पाणी घेऊन बसायची, मग फडक्याने टिपायचं, घासायचं नाही. लघवी केल्यावर मगभर पाणी. नुसता सुती, सैल परकर, आत काही नाही. बसायला मधे खड्डा असलेली गादी मिळते, नाही मिळाली तर दोन उशा बाजूबाजूला ठेवून मधे फट सोडायची. लघवीची धार आता सरळ येत नाही, फवारा होतो, मांडीवर उडतं, त्याचं मला सगळ्यात जास्त रडू आलं होतं, कॅन्सर ऐकून आलं नव्हतं तेवढं. पुढे वाकून बसलं की कमी उडतं. कमोड असेल तर बरं पडतं, नसेल तर प्लास्टिकची संडासखुर्ची हजार-दोन हजारात मिळते.

रेडिएशनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जांघा भाजल्यासारख्या सोलतात. माझ्या लाईट नेमक्या उन्हाळ्याच्या शेवटी आल्या. डॉक्टरने दिलेलंच लावायचं, हळद नाही, टाल्कम नाही.

पाय सुजतो तो उतरतो का?

पूर्ण नाही. जांघेतल्या गाठी काढल्या की पायातलं पाणी वर चढायला वाट कमी पडते, त्याला लिंफेडेमा म्हणतात. माझा डावा पाय संध्याकाळी खांबासारखा होतो. घट्ट मोजे असतात, स्टॉकिंग, मापाने घ्यायचे, सकाळी उठल्या उठल्या घालायचे. आता जळगावच्या मे महिन्यात मांडीपर्यंत रबरासारखा मोजा घालून दाखवावा कोणीतरी मला, मी दुपारी १२ ते ४ काढून पाय भिंतीला लावून पडते, फिजिओथेरपिस्टला सांगूनच. हलकं मालीश ते शिकवतात, जोरात रगडायचं नसतं. अनवाणी शेतात जायचं नाही, काटा लागला की पाय लाल होतो आणि ताप भरतो, तेव्हा अँटिबायोटिक लागतं आणि ते लवकर लागतं. त्या पायाला सुई टोचू द्यायची नाही.

आणि… नवऱ्याचं?

हा प्रश्न तीन ठिपके देऊनच विचारतात. जखम पूर्ण भरून डॉक्टरने हो म्हटल्यावर संबंध ठेवता येतात, कॅन्सर त्याला लागत नाही. पण तिथे बधिर वाटतं, तोंड आकसलेलं असतं, कोरडं असतं, दाणा काढावा लागला असेल तर सुख पहिल्यासारखं येत नाही. जेल मिळतं, आकसू नये म्हणून डायलेटर मिळतात, ते विचारायला लाजायचं नाही. तरुण बाई असेल, मूल हवं असेल तर रेडिएशनच्या आधीच डॉक्टरशी बोलायचं कारण लाईटने बीजांडं जातात आणि पाळी बंद होते.

आमचं विचाराल तर हे वर्षभर वेगळ्या खाटेवर झोपले. मला वाटलं किळस आली. एक दिवस म्हणाले तुले लागी जाई, म्हणजे तुला दुखेल, म्हणून जवळ झोपत नाही. एवढंच होतं, आणि एका वर्षात दोघांपैकी एकाने पण विचारलं नव्हतं.

लेकीला, नातीला लस द्यायची का?

द्यायची. एचपीव्हीची लस व्हल्वाच्या त्या कॅन्सरपासून वाचवते जो व्हायरसने होतो, लायकेनवाल्यापासून नाही. पिशवीच्या तोंडासाठी तर ती आहेच. ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, १५ च्या पुढे तीन. पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक नावाची आपली देशी लस २०२३ पासून बाजारात आहे. "एवढ्याशा पोरीला ती लस कशाला" असं आजी लोक म्हणतात, त्यांना सांगायचं की लस व्हायरस भेटायच्या आधी द्यायची असते, गोवराची पण आपण गोवर आल्यावर थोडीच देतो.

परत येतो का?

येऊ शकतो, कधी त्याच जागी, कधी जांघेत. म्हणून पहिली दोन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, पुढची तीन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी, आणि मग वर्षाला एकदा. लायकेन असेल तर आयुष्यभर. आरसा तर चालूच ठेवायचा. बऱ्याच बायका दोन वर्षं गेली की मुंबईची फेरी बुडवतात, केळीचा माल निघायचा असतो, नातवाची परीक्षा असते. फोन करून तारीख बदलून घ्या पण बुडवू नका.

हे गावात सांगायचं कसं? ऐकत नाहीत कोणी.

भाषणाला बोलावलं तर नाही ऐकत. मी एकदा बचत गटात माईक घेऊन बोलले, दहा मिनिटांत अर्ध्या उठून गेल्या. पण आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधलेले असतात, पुरुष माणूस फिरकत नाही, तिथे गप्पांत विषय निघतो. कानबाई, म्हणजे आमची खान्देशातली देवी, बसते तेव्हा रात्रभर जागरण असतं, नैवेद्याचे रोट झाले की बायका भिंतीला टेकून बसतात, तेव्हा पण. स्वतःचं सांगायचं, ट्यूबांच्या पिशवीचं सांगायचं, त्या हसतात, मग एक जण हळूच म्हणते मना बी घरमा चार ट्यूबा शेतस. आमच्या आशाताईला मी सांगून ठेवलंय की बाई "पांढरं जातं" म्हणून आली तरी विचारायचं, बाहेरून खाज, जखम, गाठ काही आहे का. आतापर्यंत तिने सात जणी पाठवल्या. पाच जणींना बुरशी आणि शुगर, दोघींना लायकेन. कॅन्सर एकीला पण नाही. त्या दोघी आता मलम नियमाने लावतात आणि भेटल्या की डोळ्याने खूण करतात.

तुम्हाला हे सगळं लिहायला लाज नाही वाटली?

वाटली ना. पहिल्या दिवशी भाचीला सांगताना मी तिच्याकडे पाठ करून बसले होते, ती म्हणाली मावशी आवाज नीट येऊ नाही राहिला, इकडे तोंड कर.